तळ्याचा दाखला

प्रिय चिमणे,

तळं साफ कसं काय झालं म्हणून काय विचारतेस? सांगते, पण आधी तुझ्या प्रयोगशाळेतल्या खुर्चीला थोडी विश्रांती दे, बिचारी किती वर्षं तुला झेलतेय!

हे गेल्यावर मी भिंतींशी बोलायला लागले होते. त्यापेक्षा बरं म्हणून तळ्यातला गाळ उपसायला घेतला. हळूहळू अकराजणी जमल्या. रोज काम सुरू करताना मी सांगायचे, पाणी हाच देव, त्याच्या अंगावरची घाण काढली की झाली पूजा. फळाकडे बघू नका, घमेल्याकडे बघा. शिंपीणबाई म्हणायची, प्रवचन झालं असेल तर घमेलं तुम्हीपण उचला!

आठ महिने उपसलं गं. पण वरच्या बाजूच्या रंगाच्या कारखान्याचं घाण पाणी येतच राहिलं. बायका गळायला लागल्या, चारच उरल्या. शिंपीणबाई तोंडावर म्हणाली, देवाला अंघोळ घालून माझी कंबर गेली, देव आहे तस्साच.

मग मी तुझ्याकडे तपासायला बाटली पाठवली आणि तुझा दाखला आला, पाणी पिण्यास योग्य. सगळ्या धावत परत आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या. शाळेची विहीर आटलीय, म्हणून पंचायतीच्या साहेबांनी तोच दाखला दाखवून शाळेच्या टाकीला तळ्याचा पाइप जोडला. सोमवारी पाणी सुटणार. दोनशे पोरं पिणार, तिसरीतली माझी नातसुद्धा. मी तीनदा साहेबांकडे गेले, पुन्हा तपासा म्हणाले. ते हसले, आजी, तुम्हीच साफ केलंत आणि तुम्हालाच भीती? पुढचं न सांगताच मी उठून आले. शिंपीणबाईच्या दारातूनही तशीच परत फिरले.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय. तू शाळेत गुरुजींचं गणितसुद्धा तपासून घ्यायचीस, मी तुला चिडवायचे. आता पाया पडते, तशीच वाग. सोमवारच्या आत ये, स्वतःच्या हातानं तळ्याचं पाणी घे आणि तो दाखला रद्द कर.

बायकांना फळ सोडा म्हणत होते, आणि मलाच ते हवं होतं. चिमणे, तुझ्याकडे पाठवलेली बाटली मी घरच्या नळाखाली भरली होती.

तुझीच,
टवाळ मैत्रीण