एका दिवसाचे बूट

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. समोर ओल्या कागदावर शंभर बिया मांडल्या आहेत. त्यातल्या किती उगवल्या ते मोजून अडीचपर्यंत साहेबांना आकडा द्यायचा. दिवसभर इथे लोकांचे कोंब मोजायचे आणि घरचा कोंब दुसऱ्याच्या कडेवर वाढतोय, असं माझं चाललंय. फोनवर हे बोलता येत नाही, का ते तुम्हाला ठाऊक आहे.

ढब्बू वर्षाची झाली आणि घराचं गोदाम झालं. खालचे सगळे खण तिने रिकामे केले. चमचा टाकते, मी उचलून देते, परत टाकते आणि तो पडला कसा हे वाकून बघते. काल यांच्या मोज्याने तिने अर्धी फरशी पुसली. हे सगळं मी बघते ते संध्याकाळी सहा ते आठ. बाकीचं मला सांगितलं जातं. आज तिने दिव्याकडे बोट दाखवलं, आज केळं साल न काढता चावलं, असं सासूबाई एकेक सांगतात. मी ‘हो का’ म्हणते.

गेल्या आठवड्यापासून नवीनच सुरू झालंय. फाटकाची कडी वाजली रे वाजली की त्या तिला उचलून खांद्यावर घेतात. मी हात पुढे करते, तर ढब्बू तोंड फिरवून त्यांच्या मानेत नाक खुपसते. त्या म्हणतात, दमून आलीस, आधी चहा घे, पोर कुठे पळून जातंय. साखर त्यांनी बरोबर घातलेली असते, तरी तो चहा मला कडू लागतो.

ती अजून चालत नाही. टेबलाचा पाय धरून उभी राहते, ढुंगण हलवते आणि बसते. मला भीती एवढीच, की ती पहिलं पाऊल टाकेल तेव्हा मी इथे बिया मोजत असेन, आणि संध्याकाळी चहाबरोबर मला ते ऐकवलं जाईल.

प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे आणि तिच्यापासून दोन दारं सोडून पाळणाघर. दुपारी धावत जाऊन बघून येता येईल. घरमालकिणीला महिनाअखेर उत्तर हवंय. हे म्हणतात, बाबा हो म्हणाले तर जाऊ. तेव्हा तुमचं काय ते कळवा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठमी

८ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. एका गिऱ्हाइकाचा उजवा बूट माझ्या मांडीवर आणि तो डाव्या पायावर उभा. पत्र संपेपर्यंत त्याला तसाच ठेवला. शेवटी त्याने विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना, नाहीतर मी पाय बदलतो.

फोनवर तू मध्येच गप्प का होतेस ते न सांगता कळतं. तुझ्या सासूबाईंची डावी चप्पल फटफटते. ती फटफट जवळ येते, थांबते आणि तू एकदम हवापाण्यावर बोलू लागतेस. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या पायांपाशी बसून काढली, कान तेवढे तयार झाले.

आता माझं ऐक. ज्याचं पोट दुखतं त्याने ओवा मागावा म्हणतात, पण तुझ्यापेक्षा माझंच जास्त दुखतंय. तुला निदान सहा ते आठ मिळतात. मला वर्षातून दोन भेटी, त्यातली एक ढब्बू झोपलेली असताना. विहीणबाईंना आख्खी नात आणि मला तिच्या पावलाचं कागदावर काढलेलं माप. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाचे तांबडे बूट शिवताना त्या मापाशीच मी दोन शब्द बोललो. कारागीर एकमेकांकडे बघत होते.

तुझं तसं झालं नव्हतं. दुकान सहा दिवस उघडं, तू जागी असताना मी घरी नसे. पण पहिल्यांदा चाललीस ती रविवारी, माझी सुट्टी बघून. दारापासून माझ्यापर्यंत पाच पावलं, मी शिवलेले निळे बूट घालून. ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितली आहे, काहींना दोनदा. त्याच संध्याकाळी तुझ्या आईने ते बूट फळीवर चिकटवले. कारागिराला हात लावू दिला नाही. आज ती नाही, पण ती फळी माझ्या डोक्यावर काचेत आहे.

तेव्हा तू खोली घे. माझं हो समज. महिनाअखेर जावईबापूंना तसं रीतसर लिहितो. बूट घट्ट झाले तर पाठव, आणि ढब्बू चालू लागली की तळ मला दाखव. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगो, तळ खोटं बोलत नाही.

तुझ्या घरच्या सगळ्यांना, म्हणजे सगळ्यांनाच, नमस्कार.
तुझा बाबा

१५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चालली, बाबा. काल, रविवारी, माझ्याकडे.

सकाळचे दहा वाजले होते. सासूबाईंनी तिला बूट चढवले, टेबलापाशी उभं केलं आणि दूध उतू जाईल म्हणत आत गेल्या. मी समोर जमिनीवर कपड्यांच्या घड्या करत होते. तिने टेबल सोडलं. मी श्वास घेतला नाही. चार पावलं आली आणि माझ्या घड्यांवर तोंडावर पडली. हे पेपर घेऊन दारात उभे, तो पेपर त्यांनी दिवसभर वाचला नाही.

सासूबाई नंतर बाहेर आल्या. म्हणाल्या, मी बघितलंच नाही, दुधापाशी होते. त्यांचे डोळे ओले होते. तुम्हाला खरं सांगते, त्यांचं हुकलं याचा मला आनंद झाला. इतका, की माझीच मला लाज वाटली. पण आनंद गेला नाही.

बूट बोटांना लागतात. एक माप मोठा जोड करून द्या. हे मात्र मोठे करू नका. काल पहिल्यांदाच तिच्या पायात घालताना बघितले, म्हणजे एका दिवसाचे आहेत. तुमच्या फळीवर माझ्या निळ्यांशेजारी चिकटवा. आणि तळ बघून सांगा, माझी लेक चालते कशी.

खोलीचं ठरल्यासारखंच आहे. तुमच्या जावयांना लिहायचं विसरू नका.

पाय जमिनीवर नसलेली,
ठमी

१९ मार्च

विहीणबाईंस सप्रेम नमस्कार वि. वि.

आपण कधी एकमेकांना पत्र लिहिलं नाही. हे पहिलंच, आणि हे भांडणाचं आहे म्हटलं तरी चालेल.

ठमीने ढब्बूचे बूट पाठवले. एका दिवसाचे म्हणून. मी उलटे केले आणि चष्मा पुसला. रांगणाऱ्या पोराचा बूट वरून, नाकाडावर घासतो. त्याचा तळ कोरा राहतो. या बुटांचा तळ अंगठ्याखाली गुळगुळीत झाला आहे, टाच बाहेरच्या कडेने गेली आहे आणि डाव्या शिवणीत बारीक वाळू बसली आहे. खोलीतल्या चार पावलांना वाळू कुठून लागणार? ही पोर कमीत कमी पंधरा दिवस चालते आहे, आणि अंगणात चालते आहे.

दूध उतू गेलं की नाही ते मला माहीत नाही, पण तुम्ही पहिलं पाऊल कधीच बघून ठेवलंत आणि वर माझ्या लेकीला उष्टं वाढलंत. मला आधी राग आला. मग, कशाला लपवू, मला बरं वाटलं. वर्षभर तुमचा हेवा करतोय, आज तुमच्याविरुद्ध हातात काहीतरी आलं.

हे मी ठमीला कळवलं तर पुढे काय होईल ते तुम्ही जाणता. कळवण्याआधी तुम्हाला विचारतो, एवढीच माझी सभ्यता.

उत्तराची वाट पाहणारा,
ठमीचा बाबा

२३ मार्च

व्याहीबुवांस सा. न. वि. वि.

तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, पण असा उलटा टाका कोणी काढून दाखवला नव्हता. तुमचं बरोबर आहे.

ती चालली २५ फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी अकराला. माझ्याकडे नाही हो. बादलीकडे. मी मध्ये बसले होते, मला वळसा घालून गेली. एवढं तुमच्या हेव्यासाठी पुरे.

त्याच संध्याकाळी सांगायचं तोंडावर आलं होतं. मग सूनबाई आत आली. पायातलं काढायच्या आधी तिने मला विचारलं, आज काय काय केलं हिने. आणि विचारताना माझ्याकडे अशी बघत होती, जशी परीक्षेचा निकाल ऐकायला आली आहे. मी म्हटलं, काही नाही, केळं खाल्लं.

तेव्हापासून फाटक वाजलं की मी पोरीला उचलते. खाली ठेवली तर ती चालेल, आणि चालेल ती माझ्याकडे, दिवसभराच्या सवयीने. ते तिच्या आईने उंबऱ्यातून बघायचं? खांद्यावर घेतलं की निदान पाय बंद. सूनबाईला वाटतं, मी सोडत नाही. वाटू दे. पहिल्या रविवारी पोर आईला बघून मट्टकन बसली. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी मी बूट घातले आणि आत गेले. मी दिसले असते तर ती वळली असती. गॅस बंद होता. भिंतीकडे तोंड करून उभी होते. चार ऐकू आली, मग धप्प.

हेवा तुम्हालाच येतो असं समजू नका. मी दिवसभर तिची नाकं पुसते आणि ती आयुष्यभर आई म्हणणार दुसरीला. त्यात सूनबाईचा काय दोष, पण येतो.

खोलीचं मला ठाऊक आहे. आमच्या भिंती पातळ आहेत. जायचं तर जाऊ देत, मी अडवणार नाही. पण हे तिला कळवू नका. घर बदललं तरी चालेल, तो रविवार तिचा राहू द्या.

आपली माया पोरीवर आहे, तिच्यातली चिमूटभर इकडे वळली तर नाकारणार नाही.
विहीण

२६ मार्च

विहीणबाईंस सा. न. वि. वि.

या वेळी ‘साष्टांग’ मुद्दाम घातलं आहे.

तुमचं पत्र वाचून मी निमूट कामाला लागलो. ठमीच्या निळ्या बुटांशेजारी तांबडे बसवायचे, तर फळी लहान पडली. मोठी फळी कापली आणि निळे सोडवायला घेतले. वाफ दिली, रापीची पातळ धार खालून घातली. सुटेनात. माझ्या बायकोने इतकं सोल्युशन का फासलं होतं, हे तीस वर्षांत मी स्वतःला विचारलं नाही. मला वाटायचं, हौस.

सुटले. मी उलटे केले.

काय लिहू. अंगठ्याखाली गुळगुळीत, टाच बाहेरून गेलेली. महिन्याभराची झीज आहे, एक दिवस कमी नाही. पाच पावलांची म्हणून जी गोष्ट मी अर्ध्या गावाला ऐकवली, ती ऐकताना ती बाई कोपऱ्यात बसून वात विझल्यागत शांत असायची. एकदाच म्हणाली होती, की पुरे आता, गिऱ्हाईक खोळंबलंय. जगाचे तळ वाचून मी दुकान उभं केलं, आणि हे दोन तळ मी वाचू नयेत म्हणून तिने ते फळीला चिकटवून टाकले. मला ती ओळखून होती.

रागावायला ती नाही. आभार मानायलाही नाही. तेव्हा ते तुमच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

सोबत ढब्बूच्या नव्या बुटांखाली तुमच्यासाठी चपलांचा जोड आहे. माप मी आवाजावरून घेतलं. डावी आता फटफटणार नाही. त्यामुळे तुम्ही ठमीच्या मागे येऊन उभ्या राहिलात तरी मला फोनवर कळणार नाही. एवढा तोटा मी सोसेन.

तुमचा हेवा करणारा, पण आता जरा बेताने,
व्याही

२६ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

खोली घेऊ नकोस. मागच्या पत्रात हो लिहिलं ते माझ्या जळफळाटाने लिहिलं. विहीणबाईंनाही माझ्यासारखं कागदावरच्या मापावर समाधान मानावं लागावं, असं कुठेतरी मनात होतं. म्हातारा बाप शहाणाच असतो असं धरून चालू नये. जावईबापूंना वेगळं लिहीत नाही, हेच दाखव.

एक कर. संध्याकाळी घरी गेलीस की पोरीला मागू नकोस. चहाचा कप घेऊन सासूबाईंच्या शेजारी खाली जमिनीवर बस आणि त्यांना म्हण, ठेवा हिला खाली. मग कोणाकडे येते ते बघ. एखाद दिवशी त्यांच्याकडे जाईल. जाऊ दे. त्या बाईंचं रविवारचं हुकलंय, हे तूच लिहिलंस.

त्यांचं हुकलं म्हणून तुला आनंद झाला, त्यात लाजू नकोस. मीही त्याच मातीचा. पण आनंद पचला की त्यातलं थोडं त्यांच्या ताटात वाढ.

बूट मिळाले. तळ नीट पाहिला, चष्मा लावून पाहिला. तुझी लेक पाय जरा बाहेर टाकते, तुझ्यासारखीच, सुधारेल. बाकी तळ कोरा. एका दिवसाचे आहेत, चार पावलांचे. तळ खोटं बोलत नाही, तुला माहीतच आहे.

निळ्यांशेजारी मोठ्या फळीवर चिकटवलेत. सोल्युशन जरा जास्तच लावलं. मीच लावलं, कारागिराला हात लावू दिला नाही.

ढब्बूला माझ्या नावाने एकदा खाली सोड.
तुझा बाबा