खांबावरची टकटक

प्रिय तिमोशा,

यंदाचा पहिला टोमॅटो परवा पिकला, आठ जुलैला. शेजारच्या क्लावदियाचे अजून हिरवेगार आहेत, त्यामुळे बाईसाहेब दोन दिवस कुंपणाकडे फिरकलेल्या नाहीत. तुला ही बातमी नको असेल, ठाऊक आहे मला. तू टोमॅटोला हातसुद्धा लावत नाहीस, असं आस्या म्हणाली. बायकोवर चिडू नकोस हं, मीच फोनवर खोदून खोदून विचारलं तिला. झोपेत तू अजून विटांचं बोलतोस, हेही तिनंच सांगितलं. तीन वर्षं झाली, तू घरी आला नाहीस. मुरमान्स्कच्या बोटींवर रजा मिळत नाही म्हणतोस, आणि मीही खरं मानल्यासारखं करते.

वाण तोच आहे, तुझ्या बाबांचा, तो लवकर पिकणारा संकरित. ते गेले त्या उन्हाळ्यात झाडं मात्र फळांनी लगडली होती. माझ्यानं एकही खाववलं नाही, पण पहिल्या फळाचं बी मी धुऊन, कागदावर वाळवून ठेवलं. बाबा दरवर्षी बजावायचे, "रईसा, संकरिताचं बी धरू नकोस, नवं पाकीट आण." मी कधी कुणाचं ऐकलंय? पुढच्या वर्षी पाच रोपं आली आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. एक छपरापर्यंत वाढलं, एकाला नाशपातीसारखी फळं लागली, एक तर सप्टेंबर उजाडला तरी हिरवंच. बाबा असते तर पोट धरून हसले असते. मी त्या वाफ्यात बसून रडले. त्यांचं म्हणून एक तेवढं जपायचं होतं, तेही जमलं नाही. गेल्या वर्षापासून गुमान नवं पाकीट आणते आणि मार्चमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीत, त्यांच्यासारखंच, दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरते.

आता जे सांगते त्यावर हसू नकोस. बाबा फुलांना फळ धरावं म्हणून रोज सकाळी झाडांच्या खांबांवर लाकडी चमच्यानं टकटक करायचे, आठवतं? दोन ठोके, मग पुढचं झाड. ते गेले त्या वर्षापासून मला ते ऐकू येतं. उन्हाळाभर मी शहराबाहेरच्या या बागेतल्या घरीच राहते ना, तर मी ओसरीवर चहा घेत असते, ऊन वाफ्यावर आलेलं असतं, आणि टक टक. मग थोडा वेळ गेला की पुन्हा टक टक. उठून गेले की काही नाही, चमचा आपला शेडमध्ये खिळ्याला. म्हटलं, म्हातारपण आलं, कान वाजतात. पण गेल्या आठवड्यात क्लावदियाच कुंपणावरून म्हणाली, "काय गं, माणूस ठेवलास की काय कामाला? रोज सकाळी खांब कोण वाजवतं तुझ्याकडे?" मी म्हटलं, "सुतारपक्षी असेल." ती म्हणाली, "मोजून दोनच टोचा मारणारा?" मला भीती वाटते, तिमोशा. ते आले म्हणून नाही. ते कशासाठी येतात हे मला माहीत आहे म्हणून.

त्या वर्षी रोपं वाफ्यात लावायची घाई माझी होती. बाबा म्हणत होते, जूनची दहा तारीख जाऊ दे, गारठा परततो. पण क्लावदियाच्या आधी माझा टोमॅटो पिकायला हवा होता ना! मे संपायच्या आत लावायला लावली मी. मग चार जूनला रेडिओवर सांगितलं, पहाटे हिमकडाका पडणार. आपण तेव्हा शहरातल्या घरी होतो, तू संध्याकाळी बागेत जाऊन रोपं झाकलीस आणि तिथूनच मित्राच्या लग्नाला गेलास. जाताना फोन केलास, "आई, सगळं झाकलंय, कडेनं विटा ठेवल्यात." पुढे तुला माहीत आहे तेवढं असं की बाबा तरीही शेवटच्या गाडीनं गेले, आणि सकाळी मला सफरचंदाच्या झाडाला टेकून, पालथ्या बादलीवर बसलेले सापडले. टोपी मांडीवर होती. दफनाच्या दिवशीच, जेवणाच्या टेबलावर न्यूरामावशी सगळ्यांसमोर बोलली, "पोरानं नीट झाकलं असतं तर म्हाताऱ्याला धावावं लागलं नसतं." तू हातातला घास ताटात ठेवलास आणि उठून बाहेर गेलास. मी खाली मान घालून माझ्या ताटातला घावन चिवडत बसले.

आता न बोललेलं बोलते, आणि त्यासाठीच हे पत्र. बाबा आपणहून गेले नाहीत, मी पाठवलं त्यांना. ते म्हणाले, "तिमानं झाकलंय म्हटलं ना, मग झाकलंय. आज माझी छाती जरा जड झालीय गं, पडतो." आणि मी म्हणाले, "काम निघालं की बरी तुझी छाती जड होते! पोराचा काय भरवसा, जाऊन बघून ये." त्यांनी बूट घातले. सकाळी मी पोहोचले तेव्हा आधी ते दिसले, मग वाफा दिसला. कापड जसं तू ताणलं होतंस तसंच होतं, कुठे सुरकुती नव्हती, खाली एक पान करपलं नव्हतं. त्यांना काही करावंच लागलं नव्हतं. बघून, समाधानानं बादलीवर बसले असतील. हे मी तेव्हाच टेबलावर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर सगळे माझ्याकडे बघतील म्हणून गप्प राहिले, आणि तुझ्याकडे बघू दिलं. तू मला माफ कर किंवा नको करूस, टोमॅटो खा किंवा नको खाऊस. पण झोपेत पुन्हा विटा आठवल्या तर एवढं लक्षात ठेव, मी त्या एकेक करून उचलल्यात. चौदा होत्या, एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. एकही हललेली नव्हती, बाळा.

तुझीच,
आई