हिरवं बटण

९ मार्च, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या कॉम्प्युटरवरच्या वाचून दाखवणाऱ्या बडबड्याने त्याच्या त्या नाकातल्या आवाजात हा मेल वाचायला घेतला असेल. आज त्याचा वेग जरा कमी ठेव. आईचे गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे, लाज वाटावी इतका.

काल ऑफिसात आमचा सत्कार झाला. अंधांनाही सहज वापरता येईल अशी वेबसाइट केली म्हणून ढाल मिळाली. साहेबांनी भाषण ठोकलं, केक कापला. मग फोटोसाठी काळा चष्मा चढवून हात पुढे केले आणि चाचपडल्याचं सोंग केलं. सगळे खो खो हसले. मला शिसारी आली. आणि हसलो मीही.

ती वेबसाइट कुठली, ते मी तुला कधी सांगितलं नाही. टेलिफोन ऑपरेटरच्या कायम नोकरीचे अर्ज जिच्यावर भरायचे होते, तीच. तू तीन दिवस जिच्याशी झटलीस ती.

आमच्याकडे नियम असा की तपासणाऱ्याने स्क्रीन बंद करायची, माउस काढून ठेवायचा आणि बडबड्यासारखा प्रोग्राम वाचेल ते ऐकत, नुसत्या कीबोर्डवर अर्ज शेवटपर्यंत न्यायचा. तपासणारा मी होतो. कंटाळा आला म्हणून स्क्रीन चालूच ठेवली. शेवटच्या पानावर ‘पाठवा’चं हिरवं बटण होतं, ते नुसतंच रंगवलेलं. माउसशिवाय दाबता येत नव्हतं, ऐकू तर येतच नव्हतं. ऐकू येत होतं फक्त लाल, सगळा अर्ज पुसून टाकणारं. त्यालाही नाव दिलेलं नव्हतं, नुसतं ‘बटण’. मला हिरवं दिसलं, हात आपोआप माउसवर गेला. ‘तपासलं, चालतं’ असा शेरा मारून मी चहाला गेलो.

तू लाल दाबलंस. तीनदा.

"माझंच काहीतरी चुकतंय रे, सारखं सगळं कोरं होतंय," असं तू फोनवर म्हणालीस, त्याच क्षणी मला कळलं होतं. मुदत संपायला दोन दिवस होते. दुरुस्ती पाच मिनिटांची. पण मग शेरा कुणी मारला हे बाहेर आलं असतं. मी म्हणालो, "नेट स्लो असेल." मागून आईचा आवाज आला, "नाही झेपत तिला, कशाला नादी लावतोस?" तू फोन ठेवलास. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती, हे मला पाठ होतं. साहेबांची किळस येते, पण माझी जास्त येते.

आज भरती खात्याला लेखी कळवलं आहे. अर्ज अंध उमेदवाराला पाठवताच येत नव्हता, दोष माझा, अशांना पुन्हा संधी द्या. खाली माझं नाव घातलं आणि साहेबांना प्रत पाठवली. नोकरी राहील असं वाटत नाही. तुला जागा मिळेलच असंही नाही, खोटी आशा दाखवत नाही.

आता इअरफोन काढ. आवाज मोठा कर, आईला शेजारी बसव आणि हे पहिल्यापासून लाव. तुला सगळं जमत होतं, हे तिला ऐकू दे.

माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, म्हणून.

तुझा धाकटा