आग्नेय कोपऱ्यातली भेग

२ एप्रिल
मागल्या खोलीच्या दाराची कडी कोयंड्यात जात नाही. आठवडाभर हा अपमान मुकाट्याने सोसला. आज लिहून ठेवतो, म्हणजे इतिहासाला पुरावा राहील. कडी उचलावी, मोठ्या आदराने कोयंड्यापर्यंत न्यावी, आणि त्याने अर्धं बोट खाली सरकून मान फिरवावी! ज्या गृहस्थाने पैठणच्या पाठशाळेत तारुण्य झिजवलं, ज्याच्या बातम्या पुण्याचं दैनिक (कापून का होईना) छापतं, त्याला स्वतःच्या घराचं दार लावता येऊ नये?
सुतार आला. रंधा मारला, चहा प्याला, गेला. संध्याकाळी पुन्हा तेच.
सौ. म्हणाली, "दाराशी काय भांडताय? वर बघा जरा."
वर बघितलं. चौकटीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी गेलेली भेग. कडीचा विषय संपला.

४ एप्रिल
भेगेत पोस्टकार्ड घालून पाहिलं. पलीकडे निघालं. अंगणातून सौ.ने ते ओढून घेतलं नि म्हणाली, "टपाल मिळालं." हसलो दोघंही. 
खोली हीच. कुसुमला बाळंतपणाला आणायचं ते याच खोलीत. मागच्या वर्षी परभणीला, सासरी, पाचव्या महिन्यात मूल गेलं. तेव्हापासून पोर नीट झोपत नाही. आता पुन्हा दिवस आहेत, श्रावणातले सांगितलेत. पत्रात लिहिते, "आबा, मागची खोली पांढरी करून ठेवा. मला तिथंच झोप येते."

११ एप्रिल
विहीणबाई लग्नाच्या निमित्ताने शहरात आल्यात, उद्या आपल्याकडे जेवायला. म्हणजे खोली बघायला. सौ. आणि मी दुपारी सिमेंट कालवून भेग भरली, वरून चुना. दोघं चोरासारखे. माझ्या कोपरापर्यंत चुना. भिंत छान दिसते, असं सौ. म्हणते.

१२ एप्रिल
विहीणबाईंनी पुरणपोळीची स्तुती केली. हात धुताना सहज म्हणाल्या, "नवा चुना दिसतो, व्याही. एकाच भिंतीला?"
मी म्हणालो, "बाकीच्यांची पाळी यायची आहे."
 जाताना त्यांनी दार एकदा ओढून बघितलं. लागलं नाही. तरीही काही बोलल्या नाहीत. त्याचंच भय वाटलं.

१५ एप्रिल
पलीकडच्या गल्लीतले साळुंके आले. निवृत्त ओव्हरसियर. आवाज असा, की हर्सूलच्या तलावापलीकडे माणूस दचकावा. नवी सफेदी बघून कपाळावर हात मारला.
"पंत! भर उन्हाळ्यात भेग भरली?"
"मग केव्हा भरायची?"
"आवं, ही काळी माती हाय. उन्हात आकसती, पाऊस पडला की फुगती. आत्ता भेग पुरी उघडी हाय. पावसात ती मिटाया बघंल, अन् तुमचं सिमेंट मधी पाचर होऊन बसंल. मग भिंत दुसरीकडं फुटंल. काढा ते आधी!"
सिमेंट त्यांनीच माझ्या छिन्नीने खरवडून काढलं. कचरा तसाच टाकून गेले.
पाठशाळेत पृथ्वीला अचला म्हणायला शिकवलं होतं. शिकवणाऱ्या गुरुजींचं घर बहुधा खडकावर असावं.

१७ एप्रिल
साळुंके पुन्हा (यापुढे नुसते सा.). घराला प्रदक्षिणा घातली. मोरीपाशी थांबले. मोरीचं पाणी भिंतीलगत सोडलंय, त्यावर सौ.चं अळू आणि दोन केळी. अर्ध्या गल्लीची अळूवडी तिथूनच जाते.
"वहिनी, हे रान कुणी लावलं?"
"मीच. पाणी वाया कशापायी घालवायचं?"
"मग घराचा एक पाय पाण्यात अन् दुसरा उन्हात. हा कोपरा वर उचलतोय, तो खाली बसतोय. भिंत मधल्या मधी फाटती."
 संध्याकाळी सौ.ने स्वतःच विळा घेऊन सगळं कापलं. पानांचा भारा शेजारी वाटला. मला म्हणाली, "माझ्यामुळं झालं का हो?" नाही म्हणालो. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं खणल्यावर कळेल.

२१ एप्रिल
खणलं. पाया काळ्या मातीतच संपतो. मुरूम त्याच्याखाली आणखी हातभर. घर बांधताना गुत्तेदार म्हणाला होता, "मुरूम लागला, साहेब." मी वाकून बघितलं नव्हतं. पूर्वी इथं ज्वारी व्हायची, आणि चांगली व्हायची, हे मी अभिमानाने सगळ्यांना सांगत असे.

२ मे
भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवली, दोन टोकांना प्लास्टरचे गोळे. सा.ची युक्ती. भेग हलली तर काच तडकते. अशीच एक पुढच्या खोलीत, तिथल्या केसाएवढ्या भेगेवर. पुढच्या खोलीची काळजी नको म्हणतात. सौ. पट्ट्यांवरची धूळ पदराने पुसते, देव पुसावेत तशी.

२० मे
काम सुरू. इतके दिवस गवंडी रशीदभाई चितेगावच्या एका कारखान्याच्या कामात अडकले होते. मुरुमाची गाडी तिकडूनच आणली.
पद्धत अशी, की सगळा पाया एकदम उघडा करायचा नाही. टेकू लावायचे, भिंतीखाली हातभर लांबीचं खणायचं, मुरमापर्यंत जायचं, काँक्रीट भरायचं, पुरतं घट्ट होऊ द्यायचं. मग एक तुकडा सोडून पुढचा. रशीदभाई याला दात बदलणं म्हणतात. "एक एक दांत निकालने का, पंडितजी. सब एकदम निकाले तो मूँ बैठ जाता."
कोपरा शेवटी घ्यायचा, तिथं भार जास्त.
मी पुण्याला बातमी पाठवली, पाणीटंचाईची. संपादक विचारतील, अक्षर का हललंय? बाहेर पहारी चालू आहेत.

५ जून
कुसुम आली, रेल्वेने, दीर सोबत. सातवा महिना. पाय सुजलेले, चेहरा बारीक. अंगणातले खड्डे, टेकू, मुरुमाचा ढीग बघून दारातच उभी राहिली.
"आबा, हे काय?"
"तुझ्या स्वागताची कमान उभारतोय. पायापासून."
हसली. बऱ्याच दिवसांनी, असं सौ. म्हणते. मग हळूच विचारलं, "खोली पक्की आहे ना?"
"होतेय."
दीर सगळं बघून रात्रीच्या गाडीने परत गेला. परभणीला आता वर्णन होईल.

९ जून
आज जे झालं ते नीट लिहितो.
फक्त कोपरा उरलाय, बाहेरून खड्डा खणून झालाय. सकाळी रशीदभाईंनी आतून फरशी उचलली आणि थांबले. "पंडितजी, तुम्हारे लोगां घर में कोने कू भगवान गाडते ना? इधरिच है क्या?"
इथंच. आग्नेय कोपरा. वास्तुशांतीला सोन्याची इवलीशी प्रतिमा डबीत ठेवून, पालथी घालून, मीच पुरली होती. वास्तुपुरुषाने घर धरून ठेवावं म्हणून.
वास्तूच्या नावाखाली लोकांना लुबाडणाऱ्यांवर मी दोनदा लेख लिहिलाय. आणि आज पहारीसमोर हात आडवा करून उभा राहिलो. विधीशिवाय हलवायची नाही म्हणालो. आपल्याच घरचा विधी आपणच सांगावा हे बरं नाही, गुरुजी हवेत. आमचे पुरोहित गुरुजी मुंजीला फर्दापूरला गेलेले.
सौ. पदर खोचून बाहेर आली. "अहो, डबी मी काढते हातानं. धुते, देवघरात ठेवते. त्याला काय घाई हाय? पोरीला घाई हाय."
"असं करत नाहीत."
"करत नाय म्हंजे? तो घर धरायला पुरला हुता ना? धरलं का त्यानं?"
 तरी काम थांबवलं.
सा. कुंपणापलीकडून ओरडले, "पंत, पाऊस मुहूर्त इचारून येत नसतो!"
रशीदभाई अवजारं धुवून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "आप जैसा बोलो. मेरेकु जबरदस्ती करने का नक्को."
का थांबवलं ते मला अजून...

१२ जून
गुरुजी नाहीत. आभाळ भरलेलं. माणूस पाठवला, निरोप आला, उद्या निघतो.

१३ जून
दुपारपासून मुसळधार. कोपऱ्याचा खड्डा उघडाच. ताडपत्री वाऱ्याने उडाली. सौ., मी, रशीदभाई बादल्यांनी पाणी उपसतोय. कुसुम खिडकीतून बघतेय. तिला आत जा म्हणून ओरडलो. इतक्या मोठ्याने तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो.

१४ जून
गुरुजी आले. डबी निघाली. विधी सगळा मिळून चहा थंड होण्याएवढाही लांबला नाही. प्रतिमा देवघरात ठेवली, म्हणजे सौ. म्हणत होती तिथंच. तिने मला त्याची आठवण करून दिली नाही.
खड्डा मात्र चिखल झालाय. सा.: "ओल्यात काँक्रीट नाय भरायचं. कड ढासळंल, भिंतीखालची माती निघून जाईल. उघडीप मिळू द्या." आवाज आज खाली होता. ओरडत होते तेच बरं होतं.
कुसुमची खाट पुढच्या खोलीत हलवली.

१९ जून
उघडीप नाही. टेकू दोन वाढवले. मोरीचं पाणी आता नळी टाकून कुंपणाबाहेर. मागच्या भिंतीची भेग काच तडकवून अर्धी मिटली, सा. म्हणाले होते तशीच. त्यांना सांगितलं. खूश व्हायला हवे होते, झाले नाहीत. पुढच्या खोलीच्या भिंतीवर हात फिरवत राहिले. विचारलं तेव्हा म्हणाले, "मागचा भाग आता मुरुमावर बसला. पुढचा अजून मातीवरच हाय. माती फुगली तर पुढचा उचलंल. बघू."
हे आधी का नाही सांगितलं?
"सगळं घर एकदम कुठं घेणार होता पंत तुम्ही?"
तेही खरं.

२२ जून
विहीणबाईंचा निरोप, जीप पाठवते, कुसुमला परत पाठवा. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.
डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. रक्तदाब जास्त, सूज जास्त. परभणीपर्यंतचे खड्डे मुळीच नकोत. दवाखान्यात आठवड्याला दाखवायचं, बाकी पडून राहायचं.
जीप नको म्हणून तार केली. मजकुरात लिहिलं, खोली भक्कम, चिंता नसावी.

२५ जून
सकाळी कुसुम झोपेत असताना पुढच्या खोलीतली पट्टी बघितली. तडकलीय. मधोमध, सरळ.
कुणी उठायच्या आत काढली. दुसरी काच कापून त्याच जागी बसवली, प्लास्टर ओलं दिसू नये म्हणून पुढे दिनदर्शिका टांगली. सा.ना अंगणात गाठून सांगितलं. त्यांनी छत बघितलं, बाहेरून भिंत बघितली, म्हणाले, बहुतेक पडणार नाही. बहुतेक. रशीदभाई उद्या इथंही टेकू लावतील. काय निमित्त सांगायचं ते मी शोधायचं.
दुपारी कुसुमने विचारलं, "आबा, या खोलीचं ठीक आहे ना?"
"भक्कम आहे."
"मग झोपते." आणि खरंच झोपली, भिंतीकडे तोंड करून.
सौ.ने दिनदर्शिकेकडे एकदा पाहिलं. नंतर खाट भिंतीपासून हातभर ओढली. पोर जागी झाली नाही.

२६ जून
पाऊस चालू. खड्ड्यात पुन्हा पाणी.
दिवसभर भिंतीचंच बघत असतो, कारण भिंतीला टेकू लावता येतो. मला भीती कुसुमसाठी वाटते. मागच्या वर्षीसारखं पुन्हा झालं तर ती त्यातून उठणार नाही असं वाटतं, आणि हे मी सौ.शीसुद्धा बोललेलो नाही. तिला इथं ये म्हणालो तो मीच. माझ्या शब्दावर ती झोपलीय.