लळिंगचा उतार

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी चाकांत हवा भरली. मागचं डावं जरा मऊ लागत होतं. मऊ चाक म्हणजे चपलेत चिखल घेऊन चालणं. माणूसही दमतो, गाडीही दमते आणि पेट्रोल उगाच जातं.

महेश काल जळगावहून आला. नोकरी तिकडे, खोली तिकडे. शनिवार-रविवार इथे धुळ्यात. सुनेची, रेखाची, बदली लळिंगच्या पलीकडच्या खेड्यातल्या शाळेत झाल्यापासून घरात दुसरा विषय नाही. दोन गाड्या बदलून येते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. जेवताना म. म्हणाला, "नोव्हेंबरअखेर नानांची गाडी जमली तर चालव. नाही जमली तर राजीनामा दे आणि जळगावला ये. ही रोजची फरफट नको."

 रेखा भाकरी थापत राहिली. तिचं लायसन्स आठ वर्षं कपाटात आहे, साड्यांखाली.

मी म्हटलं, मी शिकवतो.

"तुम्ही शिकवाल की कविता म्हणाल?" म.

दोन्ही.

८ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी मोकळ्या मैदानात. रेखा क्लच सोडते तो दार लोटल्यासारखा. गाडी तीनदा गचकून बंद. मग मला आमचे गुरुजी आठवले. लिंबाखाली रांगेत उभं करून कविता चालत म्हणायला लावायचे. पाय चुकला की शब्द चुके, शब्द चुकला की पाय. तसंच केलं. तिथल्या तिथे चार ओळी जुळवल्या:

पहिला गिअर हलकेच टाक,
दुसऱ्याला मग दे तू हाक,
तिसऱ्यापाशी घाई न कर,
चौथ्यावरती गाणे धर.

रेखा हसून हसून स्टिअरिंगवर पडली. पण चौथ्या फेरीला गाडी दुधासारखी निघाली. शाळेतल्या पोरांना शिकवणार म्हणाली. पोरांना कशाला गिअर?

ॲक्सिलेटरवर पाय असा ठेवायचा की खाली झोपलेलं मांजर जागं होऊ नये. "आणि मांजर जागंच असलं तर, नाना?" वात्रट आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गावातून चालवली. सिग्नल लांबून लाल दिसला की पाय उचलायचा, शेवटी ब्रेक दाबायचा नाही. ब्रेक म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल फेकून देणं. तिला हे पटकन समजलं. मला समजायला पाटबंधारे खात्याच्या जीपवर पाच वर्षं गेली होती.

जीपचे दिवस. कालव्याच्या काठाने पहाटे, दोन्हीकडे ओला गहू, साहेब मागे झोपलेले. मी मनातल्या मनात पाचवीच्या पुस्तकातल्या कविता म्हणत असे, आवाज न करता, ओठ हलवत. एकदा साहेबांनी आरशात पाहिलं. "काय रे, देवाचं नाव घेतोस?" हो म्हणालो. खोटंच. पण फार खोटं नव्हतं ते.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचा फराळ घेऊन जळगावला. म. पाडव्याला इथून रिकाम्या हाताने गेला होता, कामाची घाई. पारोळा, एरंडोल, सगळं रेखाने चालवलं. मी शेजारी. कपाशी फुटलेली, शेतात पांढरं पांढरं. डोळा लागला असावा.

एरंडोल सोडल्यावर फट्. गाडी उजवीकडे ओढायला लागली. मी जागा झालो तोवर तिने पाय ॲक्सिलेटरवरून काढला होता, चाक दोन्ही हातांनी धरलं होतं, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावला नव्हता. गाडी आपणहून मंदावू दिली, मग डावीला, डांबराच्या खाली, सपाट जागा बघून. मी न सांगता चारी दिवे लुकलुकते केले. डिकीतला लाल त्रिकोण काढून माझ्या हातात दिला. "चाळीस पावलं मागे ठेवून या नाना, आणि कडेकडेने जा."

मीच तिला आठवड्यापूर्वी हे याच शब्दांत सांगितलं होतं. आज मला सांगत होती.

चाकाला दगड लावले. गाडी उचलायच्या आधी नट सैल केले. स्टेपनी तिने बसवली, मी नुसता पाना धरला. केळीचा टेंपो थांबला, आतला म्हणाला, "आबा, मदत पाह्यजे का?" मी म्हटलं, बघ की, आहे का गरज? तो बघून गेला.

म.ला सांगितलं. तो म्हणाला, "नशीब, सरळ रस्ता होता."

२ नोव्हेंबर, रविवार

उद्या शाळा उघडते. आज रेखाला लळिंगला नेलं, चढायला आणि उतरायला.

चढताना जरा रडवलं गाडीने, तिसऱ्यावर. वर पोचलो. किल्ल्याच्या डोंगरावर ऊन पिवळं. उतार सुरू होतो तिथे मी चाकावर बसलो, म्हटलं, आता बघ. न्यूट्रल. आणि चावी एक खटका मागे, पूर्ण नाही, पूर्ण केली तर हातातलं चाक अडकतं.

इंजिन गप्प.

किती वर्षांनी कोणाला तरी दाखवलं. नुसता वारा. टायरचा बारीक आवाज, कोणीतरी पानं उलटत असल्यासारखा. कुठेतरी टिटवी. ही, महेशची आई, होती तेव्हा मालेगावहून परतताना इथे मी असाच इंजिन बंद करायचो आणि ही डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, "म्हणा आता." मग मी म्हणायचो, एक कविता बरोबर पायथ्यापर्यंत पुरायची. एक थेंब न जळता आपण खाली. फुकटचं. देवाघरचं.

 खाली आल्यावर मी चावी फिरवली, तेव्हा रेखा म्हणाली, "नाना, हे फारच सुंदर आहे हो."

ब्रेक मी एकदाही लावला नाही. लावतच नाही. उतार पाठ आहे मला.

१० नोव्हेंबर, सोमवार

आठवडा झाला, रेखा रोज गाडीने जाते. साडेपाचला घरी. आज चहा तिने केला, दोघांनी ओट्यावर घेतला. शाळेतल्या सगळ्या बायका तिच्या गाडीला हात लावून बघतात म्हणे. डिकीतलं जुनं सामान काढून टाकलंय तिने: सतरंजी, पाण्याचा कॅन, माझी तुटकी खुर्ची. "वजन कशाला वाहायचं?" बरोबर आहे. खुर्ची चांगली होती मात्र.

म.ने फोनवर विचारलं, कशी चालवते? म्हटलं, माझ्यासारखी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सव्वापाचला रेखाचा फोन. आवाज अगदी शांत. "नाना, मला काही झालेलं नाही. लळिंगच्या उतारावर आहे. गाडी मुरमाच्या ढिगाला लागली."

रिक्षाने गेलो. गाडी डाव्या कडेला, तोंड मुरमात, दिवा फुटलेला, बंपर लोंबतोय, खाली रेडिएटरचं हिरवं पाणी. त्रिकोण मागे, नीट अंतरावर. रेखा कठड्याच्या पलीकडे उभी, रस्त्यापासून लांब, पर्स पोटाशी धरून. बॉनेटमधून वाफ निघत होती. झाकण उघडायचं नाही हे ठाऊक होतं तिला, हात लावला नव्हता.

पुढे कपाशीचा ट्रॅक्टर होता, मागे दिवा नाही. रेखाने ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, थोडा लागला. तिसऱ्यांदा पेडल दगड. मग हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली आणि मुरमात घातली.

"इंजिन चालू होतं?" मी.

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही, नाना."

२० नोव्हेंबर, गुरुवार

गुलाब मिस्त्रीकडे गाडी. चाळीस वर्षांची ओळख, तेव्हा तो जीपचं ग्रीस करायचा. सगळी सकाळ त्याने गाडीखाली घातली. बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "नाना, ब्रेकले काहीच व्हयेल नही. बठ्ठं देखं मी." सगळं पाहून झालं होतं त्याचं. मग माझ्याकडे बघत राहिला. "उतारवर गाडी बंद करी व्हती का?"

मी मान हलवली.

त्याने मला समजावलं, पोराला समजावतात तसं. ब्रेकला जोर इंजिन देतं. इंजिन बंद केलं की साठलेला जोर एक-दोन दाबण्यांत संपतो, मग पेडल दगड. हातातलं चाकही जड. तुमची जीप न्यारी होती नाना, तिचा ब्रेक पायाच्याच जोरावर होता. आणि पेट्रोल? "गिअरमा र्‍हावानं, पाय उचलाना. पेट्रोल आपेआप बंद व्हस." म्हणजे या गाडीत काहीच वाचत नव्हतं. बारा वर्षं. फुकट काहीच नव्हतं.

मला कधी कळलं नाही, कारण मला कधी ब्रेक लागलाच नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

म. आला. मिस्त्रीला आधीच फोन करून बसला होता. मिस्त्रीने त्याला एवढंच सांगितलं की ब्रेक चांगला आहे. माझं नाव घेतलं नाही.

"ब्रेक चांगला, मग लागला कसा नाही? घाबरलीस तू. पाय भलतीकडे दिलास."

रेखा मेथी निवडत होती. म्हणाली, "असेल."

"असेल काय? एखाद्या ट्रकखाली गेली असतीस. चावी माझ्याकडे दे. हा महिना संपला की राजीनाम्याचं बघू."

तिने चावी दिली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी समोरच बसलो होतो, हातात पेपर. एक वाक्य बोलायचं होतं. पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली.

तीस वर्षं सरकारी जीप, एक ओरखडा नाही. म. लहान असताना पोरांना सांगायचा, माझे नाना झोपेतसुद्धा चालवतात. 

२४ नोव्हेंबर, सोमवार

रेखा बसने गेली. सव्वासातला आली. चहा मी केला. फार गोड झाला.

दुपारभर लिंबाखालची शाळा डोळ्यांपुढे. एकदा मी कविता चुकलो आणि गुरुजींनी माझ्या शेजारच्याला छडी मारली, त्यांना वाटलं तो चुकला. तो काही बोलला नाही. मीही नाही. त्याचं नाव आठवत नाही आता. कविता सबंध आठवते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज विचारलं. ओट्यावर, ती चपला काढत होती.

"सांगितलं का नाहीस त्याला?"

"काय सांगू? नानांनी शिकवलं म्हणून?" पाय चोळत होती. "तुमची चावी पण गेली असती. मला बसची सवय आहे, नाना. तुम्हाला घरात बसायची नाही."

"नोकरी जाईल तुझी."

"हो," म्हणाली. मग आत गेली. कुकरची शिट्टी झाली. बराच वेळ तिच्या दोन्ही चपला बघत बसलो. एकीचा अंगठा तुटायला आलेला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत म.ला फोन लावला. लिहून घेतलं होतं काय बोलायचं. कागद वाचलाच नाही.

"ते मी शिकवलं होतं. उतारावर इंजिन बंद करायचं. ती घाबरली नाही. ब्रेक संपला होता, तरी तिने गाडी थांबवली. मी असतो तर जमलं नसतं."

तिकडे कोणी डबा उघडत होतं, आवाज येत होता.

"घाटात? इंजिन बंद?"

"हो."

"आई बसायची तेव्हाही?"

"हो."

  मग, "मी असायचो मागे. कॉलेजात होतो, तरी वाटायचं गाडी उडतेय." आणि लगेच आवाज बदलून, "मला हे आधी का सांगितलं नाही? पाच दिवस ती ऐकून घेते आहे!"

मी कागदाची घडी घातली.

"शनिवारी येतो. तुम्ही तोवर गाडीला हात लावू नका. कोणीच लावू नका."

रेखाला संध्याकाळी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "कशाला, नाना!" पण भाजीत मीठ घालायला विसरली, आणि जेवताना दोघांनाही ते कळलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मिस्त्रीने काल गाडी दिली. नवा दिवा जुन्यापेक्षा पांढरा दिसतो, एक डोळा तरुण झाल्यासारखा.

म. दोनला आला. माझ्यासमोरून सरळ आत गेला. पाणी प्यायला, रेखाला म्हणाला, "चल. लळिंगला. वर जाऊ, खाली येऊ. तू चालव, मी बसतो."

"आता?"

"आता. मला बघायचंय. मग ठरवू."

मीही उठलो, चपला शोधू लागलो. सवय. म. म्हणाला, "तुम्ही नाही, नाना. तुम्ही घरी." रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं होतं.

रेखाने निघायच्या आधी चारी चाकांना बोटाने दाबून पाहिलं. खाली वाकून गाडीखाली बघितलं, कुठे ओलं नाही ना. आरसा लावला. म.ने पट्टा लावला नव्हता. ती थांबून राहिली, त्याने लावेपर्यंत. मग पहिला गिअर. कोपऱ्यावर वळताना गाडी जराही गचकली नाही.

तीनला गेले. जाऊन-येऊन पाऊण तास पुरे, वर थांबले तरी सव्वा तास. आता सव्वापाच.

ऊन समोरच्या भिंतीवरून उतरलं. दोन मोटारसायकली, एक भाजीची गाडी. पांढरी एक आली, तिला दोन्ही दिवे सारखे होते.

वर थांबून बोलत असतील. किंवा भांडत. किंवा म.ने स्वतः चाक घेतलं असेल आणि ती शेजारी बसली असेल, हात मांडीवर. म.ला फोन लावला आणि त्याने उचलला, तर हात मोकळे आहेत, चालवते ती. नाही उचलला, तर

नंबर काढून ठेवलाय. अंगठा अजून लावला नाही.