वऱ्हांड्यात कोणी जेवत नाही

गोंदिया,
२१ मे १९५८

प्रिय जागेश्वर,

तुझं पत्र परवा मिळालं. माझ्या जागी तुझी नेमणूक झाली हे वाचून आधी बरं वाटलं आणि मग धास्ती वाटली. कोहमाऱ्यापलीकडच्या त्या मुलींच्या शाळेच्या कामावर तू सोमवारी रुजू होणार. तिथल्या मिस्त्री-मजुरांपुढे पहिल्या दिवशी काय बोलावं, असं विचारतोस. आणि खाली पुस्ती जोडली आहेस की तू काऊन चाललास सिरोंच्याले? लेका, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते जरा लांबून सांगावं लागेल.

मी काय बोललो ते सांगतो, म्हणजे तू काय बोलू नयेस ते कळेल. जानेवारीत गेलो तेव्हा ठेकेदार भैय्यालालने सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. माझ्या गळ्यात हार, हातात पेढा, डोक्यावर नवी कोरी हॅट. बावीस वर्षांचं वय आणि अंगात दहा हत्तींचं बळ. मी म्हणालो, माझं नाव श्यामलाल, नागपूरहून ओव्हरसियरची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन आलो. मी तुमचं काम तपासायला आलो आहे, तुमच्याकडून शिकायला नाही. ज्याच्या भिंतीला तडा दिसेल त्याने दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नये. भैय्यालालने टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही वाजवल्या. मागच्या रांगेतला म्हातारा शालीकराम मिस्त्री काहीतरी सांगायला पुढे आला होता. मी त्याला हातानेच थांबवलं आणि नंतर बघू म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचे तीन महिने मी खूश होतो. भिंती ओळंब्यात, सांधे सरळ, कुठे केसाएवढाही तडा नाही. तुला मी फुशारक्या मारत पत्रं लिहिली, ती याच दिवसांतली. एप्रिलमध्ये वऱ्हांड्यावर सिमेंटचा स्लॅब टाकला. त्या भागातला पहिलाच, म्हणून लोक बैलगाड्या जुंपून बघायला आले. एक जुलैपासून साठ मुली तिथे बसणार, असं मी प्रत्येकाला सांगत होतो.

मग ऊन तापलं. तिथे आसपास झाड म्हणून नाही, सावली काय ती त्या वऱ्हांड्याची. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की वीस-बावीस माणसं उन्हात बसून जेवताहेत. डोक्यावर दुपट्टे, डबे हाताला चटके देताहेत, आणि वऱ्हांडा मोकळा. धुरपताबाई नावाची एक रेजा होती, विटा-चुना वाहणारी, अंगावर पिणारं लेकरू घेऊन कामाला यायची. ती चुन्याच्या ढिगाशेजारी पदराची सावली धरून लेकराला पाजत होती. मी विचारलं, बाई, तिकडे सावलीत का बसत नाहीस? ती म्हणाली, असंच जी. आणि मान खाली घातली. आणखी चौघांना विचारलं. सगळ्यांचं तेच, असंच जी. तेव्हा मला वऱ्हांड्याचाच संशय आला.

मी भिंतीवरून हात फिरवत गेलो. पश्चिमेच्या कोपऱ्यात गिलाव्याचा रंग जरा वेगळा होता. चाकूने खरवडलं तर आत बोट जाईल एवढा तडा, आणि त्यात चुन्याचे तीन-चार वेगवेगळे थर. म्हणजे तो पुन्हा पुन्हा फाटत होता आणि मी यायच्या आत रोज सकाळी कोणीतरी तो बुजवत होतं. का बुजवणार नाहीत? तसं फर्मान मीच काढलं होतं. पण आता मी कितीही गोड बोललो तरी कोणी तोंड उघडेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा घेतला आणि त्याच कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसलो. भात आणि लाखोळीची डाळ होती, पण डोळे वरच्या स्लॅबवर होते. समोर सगळ्यांचे हात थांबले. शेवटी शालीकराम उष्ट्या हाताने उठून आला आणि सावलीच्या बाहेरच उभा राहून म्हणाला,

"उठा जी साहेब. आमीच तेथी बसत नाही, तं तुमी कायले बसता?"

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी त्याला हेच सांगायचं होतं. त्या कोपऱ्याखाली त्याच्या आजाच्या वेळची बोडी होती, धानाला पाणी द्यायचं लहान तळं. भैय्यालालने ती भुसभुशीत मातीने भरली आणि खाली कठीण जमीन लागायच्या आतच खांब उभा केला. वर आता स्लॅबचं ओझं. पाऊस लागला की पाणी आपली जुनी जागा धुंडत येईल, असं म्हातारा म्हणाला. मी त्याच संध्याकाळी वर अहवाल धाडला. दुसऱ्या दिवशी भैय्यालालने शालीकराम, धुरपताबाई, सगळी टोळी कामावरून काढली. आठव्या दिवशी मला सिरोंच्याला बदलीचा हुकूम आला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो, आतापर्यंत टाळत होतो. सोमवारी तुझ्याही गळ्यात हार पडेल आणि पुढ्यात इमारत पूर्ण झाल्याचा दाखला ठेवतील. त्याला जोडलेला जोत्याचा दाखला तू बघशील. त्यावर माझी सही आहे, आणि श्यामलालने पाया बघितलाय म्हणून तू निर्धास्त होशील. जागेश्वर, मी पाया बघितला नाही. बुजवलेला होता. एक खड्डा खणून बघायला अर्धा तास लागला असता, पण पहिल्याच दिवशी, हार गळ्यात असतानाच, मी सही करून मोकळा झालो. ही गोष्ट अहवालातही लिहायची मला हिंमत झाली नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतो आहे. भैय्यालालने आता रायपूरकडची नवी टोळी आणली आहे. त्यांना बोडी ठाऊक नाही. काल शेवटचा तिकडे गेलो तर सगळे वऱ्हांड्यात पाय पसरून जेवत होते, दोन बाया खांबाला टेकून निजल्या होत्या. मी ओरडलो, उठा तिथून. त्यांचा मिस्त्री हसला आणि म्हणाला, "साहब, पास तो आप ही ने किया है." तुझं लग्न ठरलंय, नोकरी नवी आहे, मला सगळं कळतं. तरी हात जोडून सांगतो, तू सही करू नकोस. मृगाला अठरा दिवस उरले आहेत.

तुझाच,
श्यामलाल