न विचारता फाडलेलं तिकीट

निशाताई,

तुमच्या नातीचं बारसं हेमांगी विसरली, म्हणून तुम्ही सख्ख्या बहिणीशी अबोला धरलात. पाळी जायच्या दिवसांत असं विसरायला होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पण कुणाला सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय.

हीच हेमांगी खोपटच्या डेपोत कंडक्टर होती. मी दुसऱ्यांदाच तिच्या एसटीत चढलेलो, तरी न विचारता तिने माझं मुरबाडचं तिकीट फाडलं. तिथेच मी प्रेमात पडलो!

काल चपला घालून ती दारातच थबकली. कुठे निघालेय, तेच तिला आठवेना. मी न विचारता दळणाचा डबा तिच्या हातात दिला.

हे पत्र कपाटातच राहील. फोनवर एवढंच सांगेन, बारशाचा मेसेज माझ्याच हातून डिलीट झाला. चार शिव्या मला घाला.

दौलत, कळवा